पाठीवर करंट लावून भाऊ उभा राहील का, आणि पायांची आग थांबेल का?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. भाऊ ३१ वर्षांचा. दीड वर्षापूर्वी कामावर परांचीवरून पडला, डी-१० मणक्याला (पाठीचा दहावा मणका) मार लागला, रॉड आणि स्क्रू बसवले. डिस्चार्ज कार्डावर ‘एशिया ए’, म्हणजे मज्जारज्जूला पूर्ण मार, असं लिहिलं आहे. बेंबीच्या खाली ना हालचाल, ना स्पर्श कळत, तरी दोन्ही पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात, रात्री जास्त. उजवा खांदाही दुखायला लागला आहे. घरी आलेल्या एका विक्रेत्याने पाठीवर चिकटवायच्या मशीनचा व्हिडिओ दाखवला. दुखणं जाईल आणि सहा महिन्यांत हा उभा राहील, असं म्हणाला. किंमत पावणेदोन लाख, निम्मे आगाऊ. ताईंचे प्रश्न: घ्यावं का? ज्या पायांना काही कळतच नाही ते जळतात कसे? आणि मशीन लावून रात्रभर झोपलं तर चालतं का?

ताई, आधी पैशांचं बोलते. आगाऊ रक्कम देऊ नका. मशीन बनावटच असेल असं मी म्हणत नाही. पण दुखण्यासाठी लावतात तो करंट वेगळा, स्नायू हलवण्यासाठी लावतात तो वेगळा आणि मज्जारज्जूला जागं करण्यासाठी लावतात तो आणखी वेगळा. तिघांचे पॅड सारखेच दिसतात, वायरीही सारख्याच. त्यामुळे एकाचा व्हिडिओ दाखवून दुसरं विकणं फार सोपं जातं. मी मुंबईत मणक्याच्या पेशंटसोबत फिजिओथेरपीचं काम करते आणि हे खोकं दारात घेऊन येणारे लोक वरचेवर ऐकते. त्यातला एकही दुखणं कुठल्या जातीचं आहे हे विचारत नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. पाय जळतात, पण आग पायांत नाही. डी-१० च्या खालून वर जाणारे निरोप बंद झाले आहेत. निरोप येणं थांबलं की जखमेच्या वरच्या कडेला असलेल्या चेतापेशी गप्प बसत नाहीत, त्या स्वतःहून पेटत राहतात. मेंदूतल्या थॅलॅमससारख्या भागांतही तसंच होतं. मेंदूतली पायांची जागा शाबूत आहे, तिथे खळबळ झाली की माणसाला पाय जळल्याचंच जाणवणार. हे मनाचे खेळ नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना एकदा नीट सांगा. ‘तुला कळतच नाही तर दुखतं कसं’ हे वाक्य मी माझ्यासमोर नातेवाइकांना बोलताना ऐकलं आहे आणि त्यानंतर पेशंट दुखण्याबद्दल बोलणंच सोडून देतात. मज्जारज्जूला मार लागलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना या जातीचं, म्हणजे चेतासंस्थेतूनच उठणारं दुखणं होतं. तुमचा भाऊ एकटा नाही.

२०१२ साली या दुखण्यांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध झालं. ते आम्हाला रोज उपयोगी पडतं. स्नायू-सांध्यांचं दुखणं, पोटातल्या अवयवांचं दुखणं, जखमेच्या पातळीवर पट्टा आवळल्यासारखं होणारं चेतांचं दुखणं आणि जखमेच्या खाली होणारी आग. एकाच माणसात यातली दोन-तीन सहज एकत्र नांदतात. भावाचा खांदा पहिल्या जातीत, पाय शेवटच्या जातीत. बेंबीभोवती पट्ट्यासारखं काही आवळतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला विचारा, कारण करंटचा उपयोग होईल की नाही हे त्यावर बरंच ठरतं.

हे करायला मशीन लागत नाही. कागदावर माणसाची पुढून आणि मागून बाह्याकृती काढा. दुखतं तिथे भावालाच स्केचपेनने रंगवू द्या: आग असेल तिथे लाल, ठणका असेल तिथे निळा. शेजारी दिवसाची वेळ आणि शून्य ते दहा असा आकडा. आठवडाभर हे करा. फिजिओकडे किंवा डॉक्टरांकडे जाताना हा कागद घेऊन गेलात तर तुमचा आणि त्यांचा बराच वेळ वाचेल.

एक गोष्ट मात्र मशीनच्या आधी येते. दुखणं अचानक वाढलं, किंवा पाय पूर्वीपेक्षा जास्त ताठू-उडू लागले, तर करंट शोधायचा नाही, कारण शोधायचं. लघवीत जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडा, बसायच्या जागी सुरू झालेला बेडसोर, तटलेला संडास, पायाच्या अंगठ्याचं आत वाढलेलं नख, काहीही असू शकतं. ज्या भागाला स्पर्श कळत नाही तो भाग आपली तक्रार अशीच आडवाटेने करतो. एक पोटरी सुजून गरम झाली तर रक्ताच्या गाठीची शक्यता असते, त्या दिवशी मालिश नाही, करंट नाही, थेट हॉस्पिटल. मांडीच्या सांध्याभोवती सूज आली आणि पाय पूर्वीसारखा वळेना, तर नको त्या जागी हाड तयार होत असू शकतं. आणि बधिरपणाची रेघ बेंबीवरून वर सरकू लागली, किंवा हातात नव्याने दुखणं-अशक्तपणा आला, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत नाही ना हे एमआरआय करून पाहावं लागतं. अपघातानंतर काही वर्षांनीही हे होऊ शकतं. यातलं काही चालू असताना करंट लावून दुखणं दाबत बसलात तर महत्त्वाचे दिवस हातचे जातील.

आता टेन्स. फिजिओच्या क्लिनिकमध्ये पॅड लावून मुंग्या आणतात ते छोटं मशीन. विजेने दुखणं कमी करायची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि गाउटवर जिवंत टॉर्पीडो मासा लावायला सांगत असे. शास्त्रीय पाया मात्र १९६५ चा. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूच्या मागच्या भागात दुखण्याच्या निरोपांना एक दार लागतं आणि स्पर्शाच्या जाड चेता चाळवल्या की ते दार लोटलं जातं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, ते यामुळेच. दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आठ पेशंटच्या चेतांना सेकंदाला १०० वेळा बारीक झटके दिले. चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. त्या चौघांचा आजार हातापायांतल्या, म्हणजे मज्जारज्जूच्या बाहेरच्या चेतांचा होता. टेन्सची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही त्या पहिल्याच प्रयोगात दिसतात. १९६७ मध्येच नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर बसवायचं यंत्र शस्त्रक्रियेने बसवलं. ते कोणाला लागू पडेल हे आधी ताडून पाहायला त्वचेवरून करंट देत असत, आणि तेच पुढे स्वतंत्र उपचार म्हणून रुळलं.

म्हणजे दार लोटायला खालून स्पर्शाचा निरोप यायला हवा. भावाच्या तळपायावर पॅड लावले तर तो निरोप डी-१० ला अडतो, वरती पोचतच नाही. तरीही पेशंटच्या बधिर पायांवर पॅड लावून ‘काय, बरं वाटतंय ना’ असं विचारणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे लावून दाराचं काम होत नाही आणि त्वचा भाजायचा धोका तेवढा राहतो, कारण करंट जास्त झाला, पॅडची एक कड उचलली जाऊन सगळा करंट एका टोकाला एकवटला, तरी त्याला कळणार नाही. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. पाय जळतात म्हणून कोणी थंड पाण्यात बुडवतात, कोणी शेक देतात. शेकाने पडलेले फोड बरे व्हायला महिने लागलेले मी पाहिलेत. बधिर भागावर शेक नको, कोणी कितीही प्रेमाने दिला तरी.

भावासाठी टेन्स वापरायचंच तर पॅड जखमेच्या पातळीच्या थोडं वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे त्याला स्पर्श नीट कळतो तिथे. आधी कापसाने आणि बोथट टोकाने तपासून पेनाने खूण करायची. रॉड आहे म्हणून टेन्स चालत नाही असं सरसकट नाही, पण शस्त्रक्रियेच्या व्रणावर पॅड नको आणि सर्जनना एकदा विचारून घ्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचं खोल शेक देणारं मशीन मात्र रॉडच्या भागावर अजिबात नको, धातू तापतो. क्लिनिकमध्ये ‘आज शॉर्टवेव्ह देऊ या’ म्हणाले तर रॉडची आठवण तुम्हीच करून द्या.

सेटिंग: सेकंदाला ८० ते १०० झटके, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झ, झटक्याची लांबी १०० ते २०० मायक्रोसेकंद. करंट हळूहळू वाढवायचा, मुंग्या ठसठशीत याव्यात पण बोचू नयेत, स्नायू उडू नये. इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. लोक घाबरून करंट इतका कमी ठेवतात की जेमतेम जाणवतो आणि मग ‘मशीनने काही फरक नाही’ म्हणून ते कपाटात जातं. अर्धा ते पाऊण तास, दिवसातून दोन-तीनदा. दुसरा प्रकार २ ते ४ हर्ट्झचा, त्यात थडथड जाणवते आणि शरीरातली अफूसारखी द्रव्यं सुटतात. भाऊ ट्रॅमाडॉल किंवा तशा जातीची गोळी रोज बराच काळ घेत असेल तर हा कमी हर्ट्झचा प्रकार फिका पडू शकतो, कारण गोळी आणि करंट एकाच कुलपाला किल्ली लावतात. तेव्हा जास्त हर्ट्झवर राहा. रोज तेच सेटिंग ठेवलं तर चार-पाच दिवसांत शरीर सरावतं, म्हणून आलटून पालटून वापरतात. आणि ही गंमत वाटेल, पण एका छोट्या प्रयोगात कॅफीनने टेन्सचा परिणाम कमी झाल्याचं दिसलं होतं. त्यामुळे पॅड लावायच्या आधी चहा-कॉफी नको, नंतर खुशाल घ्या.

पॅडबद्दल मुंबईकरांनाच सांगावं लागतं असं एक. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत जेलचे पॅड लवकर लिबलिबीत होतात, कडा सुटतात, आणि घामाने करंट कमी-जास्त होतो. लावण्यापूर्वी पाठ पुसून कोरडी करा, तेल-पावडर नको, वापरून झाल्यावर पॅड त्याच्या प्लास्टिकवर चिकटवून डब्यात ठेवा. काळे रबरी पॅड आणि वेगळी जेल घेतली तर पावसाळ्यात जास्त टिकतात. पॅड काढल्यावर दर वेळी त्वचा बघा. लाली थोड्या वेळात ओसरली पाहिजे.

उपयोग किती? खरं तेवढंच सांगते. २००९ साली स्वीडनमधल्या अभ्यासात मज्जारज्जूच्या मारानंतर चेतांचं दुखणं असलेल्या २४ जणांनी दोन्ही प्रकारचं टेन्स प्रत्येकी दोन आठवडे वापरून पाहिलं. जास्त हर्ट्झने २९ टक्क्यांना आणि कमी हर्ट्झने ३८ टक्क्यांना बरं वाटल्याचं त्यांनी सांगितलं. दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे साधारण तिघांत एकाला काहीतरी आराम. या विषयावरचे बाकी अभ्यासही असेच लहान आहेत. माझा अनुभवही याच्या आसपासचा आहे: आवळणाऱ्या पट्ट्यावर आणि खांद्यावर टेन्स बरं काम करतं, खालच्या आगीवर क्वचित. पण दोन-चार हजारांत मशीन मिळतं, प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत चौकशी करा, किंवा आधी फिजिओकडून आठ-पंधरा दिवस वापरायला मिळतं का बघा. दोन ते चार आठवडे नीट, नोंद ठेवून वापरा. आकडा दोनने खाली आला, किंवा झोप सुधारली, तर ठेवा. नाही तर परत द्या, त्यात तुमच्या भावाचं काही चुकलेलं नसतं.

खालच्या आगीवर पहिला मान औषधांचाच. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, काहींना रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन. मज्जारज्जूच्या दुखण्यावर प्रीगॅबालिनच्या चांगल्या चाचण्या झालेल्या आहेत. सुरुवातीला गुंगी येते, पाय सुजू शकतात, म्हणून डोस सावकाश वाढवतात. पुष्कळ लोक पहिल्या आठवड्यातच, सगळ्यात लहान डोसवर, ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून सोडतात. आणि अचानक बंदही करायची नाही. तुम्ही औषधांचं काहीच लिहिलेलं नाही. तो सध्या वेदनेवरची साधी गोळीच घेत असेल तर तुमचे पावणेदोन लाख वाचवणारी भेट पुनर्वसन डॉक्टरांशी आहे, त्या विक्रेत्याशी नाही. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कॅलिपर-व्हीलचेअरचा विभाग एका छताखाली आहेत. डोंबिवलीहून व्हीलचेअर घेऊन जाणं हे स्वतःच एक काम आहे, मला माहीत आहे. गर्दीची वेळ टाळून दिव्यांगांच्या डब्याने दादर, तिथून टॅक्सी, आणि सोबत दोन माणसं.

खांद्याचं लवकर बघा, कारण आता खांदेच त्याचे पाय आहेत. व्हीलचेअरवरून पलंगावर, पलंगावरून कमोडवर, प्रत्येक वेळी सगळं वजन खांद्यांवर येतं. टेन्स तिथे तात्पुरता आराम देईल, पण पलंग आणि खुर्ची एका उंचीवर नसतील, न्हाणीघराचा उंबरा दर वेळी झटका देत असेल, तर दुखणं परत येणारच. सरकायला गुळगुळीत फळी, उंबऱ्याला छोटा उतार, खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. यात एकही वायर नाही, म्हणून कोणी विकायला येत नाही.

आता उभं राहण्याचं. स्नायूंना करंट देऊन हलवण्याची पद्धत जुनी आहे. १९६१ मध्येच लिबरसन यांनी पाऊल घसटत चालणाऱ्यांसाठी गुडघ्याजवळच्या चेतेला करंट देणारं यंत्र दाखवलं होतं. तुमच्या भावासारख्या, छाती-पाठीच्या पातळीवर पूर्ण मार असलेल्यांसाठी पॅरास्टेप नावाच्या यंत्राला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. मांड्यांवर, नितंबांवर पॅड, हातात वॉकर, बटण दाबलं की गुडघा ताठ होतो, पाऊल उचललं जातं. हो, त्याने लोक उभे राहिले, थोडं चाललेही. पण पावलं करंटची होती, मशीन बंद की पाय पुन्हा तसेच, आणि दमणूक इतकी की बहुतेकांना रोजच्या जगण्यात व्हीलचेअरच सोयीची वाटली. व्हिडिओत चालणारा माणूस दिसला तर आधी हे बघा की त्याच्या मांड्यांवर पॅड आहेत का, आणि वजन कोण पेलतंय: पाय, वॉकर की छताला टांगलेला पट्टा.

याच करंटवर पायांनी सायकल चालवता येते. स्नायू भरतात, रक्ताभिसरण सुधारतं, बसायच्या जागी गादी राहते. मला हा उपयोग आवडतो. अट अशी की मज्जारज्जूचा खालचा भाग आणि त्यातून निघणाऱ्या चेता शाबूत हव्यात. डी-१० ला मार असलेल्यांत त्या बहुधा असतात. पाय ताठत-उडत असतील तर ती त्याचीच खूण. कमरेच्या मणक्यांना मार लागून पाय कायम लुळे राहिले असतील तर नेहमीच्या करंटने स्नायू हलत नाही, कितीही वाढवा. आणि दीड वर्षात मांडीचं हाड विरळ झालेलं असतं, त्यामुळे जोरकस करंट घरी आपल्या मनाने नको, हाड मोडल्याचंही त्याला कळणार नाही.

राहिला तो मज्जारज्जूचा करंट, बहुधा ज्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. याच्या दोन शाखा आहेत. एक शस्त्रक्रियेने कण्याच्या आत इलेक्ट्रोड बसवायची. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या सुसान हार्केमा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की अशा करंटवर आणि कसून सरावावर दोन्ही पाय लुळे पडलेला एक तरुण उभा राहू शकला. २०१८ मध्ये लुईव्हिल, अमेरिकेतलंच मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधलं लोझान या तिन्ही ठिकाणांहून आधाराने पावलं टाकणाऱ्या मोजक्या लोकांचे अहवाल आले. ही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं, मागे महिनोन्‌महिन्यांचा रोजचा सराव.

दुसरी शाखा त्वचेवरून. कण्यावर एक पॅड, पोटावर किंवा कमरेच्या हाडांवर दुसरे. व्हिएन्नाच्या गटाने दाखवलं की त्वचेवरून दिलेला करंटही मज्जारज्जूत शिरणाऱ्या मागच्या मुळांपर्यंत पोचतो. लॉस एंजेलिसच्या एजर्टन आणि गेरासिमेंको यांच्या गटाने २०१५ मध्ये पाय अजिबात न हलणाऱ्या पाच पुरुषांवर १८ आठवडे प्रयोग केला. शेवटी ते मनाने पाय हलवू शकले. वाचून कोणालाही भरून येईल. पण ते कुशीवर झोपलेले होते, पाय पट्ट्यांवर टांगलेले होते, शरीराचं वजन पायांवर नव्हतं. तो तुकडा कापून व्हिडिओत घातला की चालल्यासारखंच दिसतं.

हा करंट करतो काय? तो तुटलेला धागा जोडत नाही. गर्दीच्या फलाटावर कोणी हलक्या आवाजात हाक मारावी तसे मेंदूचे उरलेसुरले निरोप खाली जात असतात. करंट खालच्या पेशींचा कान तिखट करतो, मग ती हाक त्यांना ऐकू येते. हाक मारायला थोडे तरी धागे उरलेले असावे लागतात आणि ती पुन्हा पुन्हा मारावी लागते, म्हणजे करंट चालू असताना तासन्‌तास सराव. नुसते पॅड लावून टीव्ही बघण्याने काही होत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा हातांबद्दल आहे. ऑनवर्ड कंपनीच्या आर्क-एक्स यंत्राची चाचणी १४ केंद्रांवर झाली आणि २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आली. मानेला मार लागलेले ६० जण, आधी दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने व्यायामाबरोबर करंट. ७२ टक्के लोकांत हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं, काहींच्या अपघाताला तर तीसहून जास्त वर्षं झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली. मला या बातमीचा मनापासून आनंद झाला. पण परवानगी कशासाठी ते बघा: मानेच्या अपूर्ण, म्हणजे थोडे धागे शाबूत राहिलेल्या, मारानंतर हातांसाठी, व्यायामाच्या जोडीने. चालण्यासाठी नाही, दुखण्यासाठी नाही. चाचणीत खोटा करंट दिलेला तुलनेचा गट नव्हता आणि ‘एशिया ए’ असलेले पेशंट घेतलेले नव्हते. तुमचा भाऊ तीनही बाजूंनी त्याच्या बाहेर पडतो.

‘एशिया ए’ ही नोंद मात्र पुन्हा तपासून घ्या. अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांतली असेल तर ती कायमची धरू नये. गुदद्वाराशी स्पर्श किंवा आतला दाब कळतो का, तिथला स्नायू मनाने आवळता येतो का, यावर ‘ए’ की दुसरं काही हे ठरतं, आणि घाईगर्दीच्या वॉर्डात किंवा लाजेखातर नेमकी हीच तपासणी राहून जाते. मज्जारज्जूच्या या शेवटच्या भागात थोडी जरी संवेदना असेल तर पुढच्या शक्यता बदलतात. पाय ताठण्यावर मात्र त्वचेवरून कण्याला दिलेल्या करंटचा उपयोग होऊ शकतो. व्हिएन्नाच्या गटाने ५० हर्ट्झचा करंट अर्धा तास देऊन मोजक्या पेशंटमध्ये ताठरपणा काही काळ कमी झालेला दाखवला. ते दवाखान्यात, जाणकार माणसासमोर करून बघण्यासारखं आहे.

मानेला किंवा डी-६ च्या वर मार असलेल्या वाचकांसाठी एक सूचना, भावाला ती फारशी लागू नाही. कोणताही जोराचा करंट चालू असताना डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, दरदरून घाम आला तर ताबडतोब मशीन बंद, माणसाला ताठ बसवा, कॅथेटर पिळलेला आहे का बघा आणि रक्तदाब मोजा. तो झपाट्याने चढतो आणि जिवावर बेतू शकतं. खाली उतरत नसेल तर हॉस्पिटल गाठा. पेसमेकर असेल, पोटात बाळ असेल, त्या जागी कर्करोग किंवा उघडी जखम असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पॅड लावायचेच नाहीत. गळ्यावर पुढून तर कोणालाच नाही.

विक्रेता पुन्हा आला तर त्याच्याशी वाद घालू नका, एवढंच विचारा: हे टेन्स आहे, स्नायूंचं आहे की कण्याचं? किती हर्ट्झ, किती मिलिअँपिअर? भारतात वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदणी आहे का, तिचा क्रमांक पावतीवर लिहून देणार का? ‘एशिया ए’ पेशंटवरचा कोणता अभ्यास आहे? आणि महिनाभर भाड्याने देणार का? भाड्याचं नाव काढलं की बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत.

रात्रभर लावून झोपायचं का, तर नाही. झोपेत कूस बदलताना पॅड सरकतो, कड उचलली जाते, आणि शेजारच्या बधिर त्वचेला गेलेला चटका सकाळी फोड बघूनच कळतो. झोपायच्या आधी पाऊण तास लावा, काढा, त्वचा बघा, मग त्याला झोपू द्या. रात्री आग वाढते म्हणता, तर संध्याकाळच्या गोळीची वेळ थोडी पुढे-मागे करून चालेल का, हे या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.